ढोल आणि मिशी

"आजोबा, ढोल वाजवायला मिशी लागते का?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून सुजीनाने नेपाळमधल्या पाटणात, त्यांच्या गल्लीची जत्रा-पूजा सांभाळणाऱ्या गुठीच्या भर बैठकीत, प्रमुखांना विचारलं.

"अगं, परवा परदेशी पाहुण्यांसमोर तुम्ही पोरीच वाजवताय ना? जत्रेत देवापुढे मात्र पुरुष. तुम्ही पूजेची ताटं धरा."

"म्हणजे फोटोपुरत्या चालतो, देवापुढे नाही!"

सगळे हसले. तिचे बा मान खाली घालून बसले. तिला ढोल शिकवला होता तो त्यांनीच. त्या गप्प बसण्याने तिच्या अंगाची लाही झाली.

घरी येताच तिने टिपरू आईबापांसमोर आदळलं.

"बा, मा, ऐका. परवा मी वाजवणार नाही. माझा ढोल आधी जत्रेत वाजेल, मग पाहुण्यांसमोर!"