पालकाची सही

मुळगावच्या चंद्रावतीच्या घरात जेवणाच्या मेजावर एक अर्ज तीन दिवस पडून होता. फौजदारी न्यायाचा अभ्यास करणाऱ्या मुलांना पणजीची एक संस्था शिष्यवृत्ती देत होती. शालिनीने अर्ज पूर्ण भरला होता, फक्त आईची सही राहिली होती. मुदत उद्या संपत होती.

चंद्रावती मेज पुसायची, अर्ज उचलून पुन्हा तिथेच ठेवायची. चार वर्षांपूर्वी नवरा सगुण खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकखाली गेला, तेव्हापासून ती सगळे असेच करत होती. रडू नाही, राग नाही. सकाळी पदेर पाव घेऊन आला की ती अजूनही तीन उंडे घेई आणि तिसरा संध्याकाळी म्हशीला घाली.

"आये, सही कर गो," शालिनी म्हणाली.

"बँकेचा कायतरी शिक. चोर-खुन्यांच्या मागे चेडवान कित्याक लागूचा?"

बाजारातून काय आणायचे ते सांगावे, तशी ती बोलली. तेवढ्यात शालिनीचे जुने शिक्षक गोपाळ मास्तर अंगणातून आत आले. अर्जाची आठवण करून द्यायलाच ते आले होते.

"सही करू नको, माझा काय जाता?" मास्तर म्हणाले. "पण चेडवान काय लिवला ता तरी वाच!"

'हा विषय का निवडला?' या प्रश्नाखाली शालिनीने लिहिले होते : 'माझ्या वडिलांना उडवणारा चालक साक्षीदार नसल्यामुळे सुटला. अपघात सकाळी नऊ वाजता, भरवस्तीत झाला होता. हवालदार विचारत फिरला, तेव्हा वाडीतल्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. असे का होते, हे मला शिकायचे आहे.'

चंद्रावतीने ते दोनदा वाचले.

"माझापण जनेल बंद होता," ती म्हणाली. "महादेवाच्या वेळेक."

शालिनीला हे ठाऊक नव्हते. सगुणच्या आधी दहा महिने शेजारचा महादेव असाच टिपरखाली सापडला होता. त्याचा एक पाय गेला. चंद्रावती तेव्हा विहिरीवर होती. टिपर उलट्या बाजूने आला, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. हवालदार अंगणात आला, तेव्हा 'माका काय दिसाक नाय' म्हणून तिने जनेल लावून घेतले. सगुणनेच बजावले होते, टिपरवाले आपल्यातलेच, कोर्टाच्या फेऱ्या कोण घालणार! पुढे सगुण गेला, तेव्हा महादेवाची बायको वत्सला आपल्या अंगणात उभी होती. तिनेही हवालदाराला तेच वाक्य ऐकवले. एक शब्दही वेगळा नव्हता. मग चंद्रावतीने रागवायचे कुणावर?

मास्तर म्हणाले, "कायदो कितीय मोठो असांदे, तेका डोळे आपलेच लागतत. शालिनी शिकात, उद्या कोर्टात उभी ऱ्हवात. पण साक्ष देऊक कोण येतलो?"

"महादेवाचो खटलो अजून चालू असा," शालिनी हळूच म्हणाली.

"आता माझा कोण ऐकतलो?" चंद्रावती म्हणाली.

"ता वकील सांगात. तू सांगतलंस काय, ता बोल!" शालिनी म्हणाली.

चंद्रावतीने पेन घेतले, सही केली आणि चपला घालून सरळ शेजारी गेली. वत्सला भात पाखडत होती. ओसरीवर महादेव बसला होता.

"वत्सला, टिपर उलट्या अंगान इललो. मी बघललंय. कोर्टात सांगतंय."

वत्सलेच्या हातातले सूप थांबले. ती म्हणाली, "सगुणाच्या वेळेक मीय बघललंय गो!"

चंद्रावतीला हे ठाऊकच होते. तरीही ते ऐकून चार वर्षांत पहिल्यांदा तिला रडू आले.

दुसऱ्या दिवशी अर्ज वेळेत पोचला आणि चंद्रावती वत्सलेबरोबर डिचोलीला वकिलाकडे गेली.

वाचकहो, आपल्या मुलींनी न्यायाचे शिक्षण जरूर घ्यावे, त्यांना शिष्यवृत्त्या मिळाव्यात. पण हवालदार विचारायला आला की आपण खिडकी लावून घेणार असू, तर त्या शिकून काय करतील? पाहिलेले सांगणे हे आपले काम आहे. ते शेजाऱ्यासाठी आपण केले नाही, तर आपल्यासाठी कोण करणार!