सासूबाईंसोबत पाच दिवस पाण्यावर

प्लंबरच्या बायकोने घोटा मोडून घेतला तो नेमका निघायच्या आदल्या दिवशी. स्टुलावर चढून कपाटावरची मोठी बॅग ओढत होती; आधी बॅग खाली आली, मग स्टूल, मग ती. क्रूझची तिकिटं लेकीने हौसेने काढलेली, आणि ती परत होणार नव्हती. फार तर नाव बदलून देऊ, असं कंपनीने फोनवर सांगितलं.

"आईला घेऊन जा," प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून बायको म्हणाली.

"कुणाच्या?"

"तुझी जाऊन दहा वर्षं झाली. मग माझीच ना!"

लग्नाच्या पंचवीस वर्षांत प्लंबर सासूबाईंशी सगळं मिळून तासभर बोलला असेल. आता त्यांच्याबरोबर पाच दिवस, एका खोलीत, आणि खोली जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. सरकारी हॉस्पिटलात पस्तीस वर्षं मेट्रन होत्या. त्यांच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा खोकायच्या आधी परवानगी काढत. त्या तासाभरात तयार होऊन दारात उभ्या. "चला जावईबापू. फुकटचं सोडायचं नाही."

लेकीने चार पानी यादी पाठवली होती, पहिल्यांदा क्रूझवर जाणाऱ्यांनी काय काय लक्षात ठेवावं याची. प्लंबरने ती वाचली नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे कळलं की झालं, असं त्याचं आयुष्याबद्दलच मत होतं.

यादीतली पहिलीच गोष्ट बंदरावर अंगाशी आली. हमालांनी मोठ्या बॅगा ताब्यात घेतल्या आणि सांगितलं, "संध्याकाळपर्यंत खोलीत पोचतील." प्लंबरच्या बॅगेत त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. सासूबाईंच्या बॅगेत त्यांचे दात होते. नवी कवळी टोचते म्हणून त्यांनी ती रुमालात गुंडाळून ठेवली होती. जहाजावरच्या जेवणाच्या हॉलमध्ये पन्नास पदार्थ मांडलेले, आणि सासूबाई सूप पीत समोरच्याच्या ताटातल्या भाजलेल्या कोंबडीकडे अशा बघत होत्या, की तो बिचारा ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

"हे कुणी आधी सांगायला नको?" त्या फसफसत म्हणाल्या.

"सांगितलं होतं," प्लंबर पुटपुटला.

"मग?"

"मी वाचलं नाही."

दुपारी सासूबाई खोलीतल्या संडासातून पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाहेर आल्या. "बसल्या बसल्या बटण दाबू नका. मी आत गेले असते."

प्लंबरने जाऊन बटण दाबलं. एखाद्या राक्षसाने घशाखाली आख्खं तळं ओढावं तसा आवाज झाला आणि सगळं गडप. त्याचा चेहरा असा उजळला, जसा लग्नातही उजळला नव्हता. "आई, हा पाण्यावर चालतच नाही! हवेवर चालतो. पाइपात ओढ असते, पाणी नुसतं नावाला!" पुढचा अर्धा तास तो भिंतीला कान लावून उभा होता, आणि रात्रीच्या जेवणात त्याने सासूबाईंना चार हजार माणसांची घाण कुठून कुठे जाते ते मीठदाणी आणि चमचे मांडून समजावलं. सासूबाईंनी, आता दातांसकट, लक्ष देऊन ऐकलं आणि दोन अडचणीचे प्रश्नही विचारले. शेजारच्या टेबलावरच्या नवविवाहित जोडप्याने गोड न खाताच पळ काढला.

दुसऱ्या दिवशी त्याला जाग आली तेव्हा काळोख होता. अजून उजाडायचंय असं समजून त्याने दोनदा कूस बदलली. तिसऱ्यांदा दिवा लावला, तर पावणेबारा. सासूबाईंचा तोवर तीनदा नाश्ता झाला होता.

तिसऱ्या दिवशी जहाज एका बंदराला लागलं. दोघं उतरले, गल्ल्यांतून भटकले. सासूबाईंचे पाय दुखू लागले तशा त्या एकट्याच परतल्या. प्लंबर कॉफी प्यायला एका छोट्या दुकानात शिरला आणि तिथे बेसिनखाली त्याला टप टप ऐकू आलं. त्याने सहन करायचा प्रयत्न केला. मग खाणाखुणा करून मालकाकडून पाना मागून घेतला आणि बाह्या सरसावून बेसिनखाली घुसला. काम झाल्यावर मोबाइल पाहिला, चार वाजत होते. जहाज पाचला सुटणार होतं, म्हणजे तासभर हातात. मालकाने फुकट पाजलेली दुसरी कॉफी त्याने ऐटीत संपवली.

मोबाइलने सकाळीच गुपचूप त्या गावची वेळ लावून घेतली होती. जहाजाचं घड्याळ तिच्या तासभर पुढे होतं. हेही यादीत होतं.

भोंगा वाजला तेव्हा तो बंदरापासून दोन गल्ल्या लांब होता. पासष्ट किलो सरळ वजन आणि वर पंधरा किलो पोट घेऊन तो धावत सुटला. वळण घेतलं आणि बघतो तर जहाजाचा जिना अजून खालीच. जिन्याच्या मधोमध, दोन्ही पाय पसरून, सासूबाई बसलेल्या. भोवती एक अधिकारी, चार खलाशी आणि घामाघूम झालेला जहाजाचा डॉक्टर.

"मला हात लावाल तर खबरदार!" त्या गरजत होत्या. "मांडीचं हाड गेलंय. मी पस्तीस वर्षं वॉर्ड चालवलाय, मला शिकवू नका. पाठीखाली फळी घालायची. फळी कुठाय? ही? ही फळी आहे? यावर मी भाजीसुद्धा चिरणार नाही! दुसरी आणा!"

तेवढ्यात त्यांना प्लंबर दिसला. "पळ रे गाढवा!"

गाढव पळालं. त्याचा पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडला, तशा सासूबाई उठल्या, कपडे झटकले आणि ताठ चालत वर निघाल्या.

"अहो, हाड?" डॉक्टर किंचाळला.

"बसलं जागेवर."

अधिकाऱ्याने प्लंबरला सगळ्यांदेखत झाडला. तो मान खाली घालून उभा राहिला. त्या ओरडण्यातला एकही शब्द त्याच्या कानात शिरला नाही. सासूबाई आपल्यासाठी जहाज धरून बसल्या, एवढंच डोक्यात घुमत होतं.

चौथ्या दिवशी समुद्र खवळला आणि प्लंबर आडवा झाला. सासूबाईंनी त्याला दंडाला धरून वरच्या डेकवर नेलं, खुर्चीत बसवलं, हातात कोरडा पाव दिला. "लांब बघायचं. जिथे पाणी संपतं तिथे. आणि हळू चावायचं." त्याने दोन घास खाल्ले आणि सासूबाईंच्या बुटांवर परत केले. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले, कुठूनशी एक बादली पैदा केली.

बादलीतून मान वर काढून तो म्हणाला, "आई, मला वाटायचं मी तुम्हाला आवडत नाही."

"कसा आवडणार? घरी येतोस, बेसिनखाली घुसतोस, काम झालं की निघालास. मी आत चहा टाकलेला असतो. पंचवीस वर्षं तुझ्या वाटणीचा चहा मी पितेय. झोप उडते माझी."

प्लंबरचे कान लाल झाले. "हात घाण झालेले असतात. तुमचे ते पांढरे कप. लाज वाटते."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. वॉर्डात एखादा पेशंट भलत्याच ठिकाणी दुखतं म्हणाला की त्या अशाच बघत असतील.

"अरे मूर्खा," त्या म्हणाल्या, "नळ तूच दुरुस्त केलेला असतो ना? मग हात धुवायचे!"

प्लंबरचं पोट हललं, खांदे हलले, आणि तो खो खो हसत सुटला. हसता हसता त्याला पुन्हा उमळून आलं, आणि सासूबाईंनी समुद्रावरची नजर न हलवता पायाने बादली त्याच्यापुढे सरकवली.