उलट चढलेली रेषा

मित्रांनो, बटणाएवढी, काळी, कड तुटलेली वडी दिसली तर ती मी. बेळगावच्या एका कॉलेजात करिष्मा नावाच्या विद्यार्थिनीने मला घडवलं. बिस्मथ, तांबं, कॅल्शियम असल्या भुकट्या तिने खलात घोटल्या, दाबल्या आणि भट्टीत भाजल्या. तीन वड्या तडकल्या. मी चौथी.

मला गार करायला द्रव नायट्रोजन लागतो. तो तिचे वडील देवाप्पा निपाणीच्या जनावरांच्या दवाखान्यातून रीतसर मागून आणत. ते तिथंच कामाला होते; वळूंचं वीर्य गोठवून ठेवायला तिथं तो असतोच.

नायट्रोजनात बुडवलं की माझ्यातून वीज विनाअडथळा धावते. असे अतिवाहक पदार्थ चुंबकाच्या बलरेषा बाहेर लोटतात. मीही लोटते. पण अगदी क्षीण चुंबकापुढे मला गार केलं, तर माझ्या कणांच्या सांध्यांत विजेची वर्तुळं आपोआप फिरू लागतात आणि मी त्या रेषा आत ओढते. म्हणून करिष्माच्या आलेखाची रेषा खाली जायच्या ऐवजी वर चढली.

तिच्या प्रकल्पाच्या सरांनी वही पाहिली. "तारा उलट्या जोडल्यास. आकड्यांचं अधिक-उणे चिन्ह बदल."

"न्हाय सर. चुंबक जोराचा लावला की रेषा खालीच जाते. तारा बरोबर हायत."

"तुला पास व्हायचंय का शोध लावायचाय?" असं म्हणून त्यांनी मला उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. माझी कड तेव्हा तुटली. तो राग अजून माझ्यात आहे. मी काय खोटं बोलले होते?

करिष्माने मला डब्यातून काढलं आणि घरी नेलं.

"आप्पा, चिन्ह बदललं तर अहवालावर सरांची सही मिळंल."

देवाप्पा जेवता जेवता थांबले. "गाय गाभण नसली तर म्या गाभण म्हणून लिवतो काय गं? तूबी लिवू नगंस."

तिने मला बेंगळुरूच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. दीड महिन्याने मी परतले आणि सोबत उत्तर आलं: रेषा खरोखरच वर चढते, आणि अशा काही वड्यांत हे पूर्वीही दिसलं आहे.

ते कळल्यावर सरांनी तोच आलेख एका परिषदेत 'माझं निरीक्षण' म्हणून दाखवला. मागच्या बाकावरून करिष्मा मला हातात धरून उभी राहिली.

"सर, ही वडी मी कचऱ्यातनं काढली. तिथं कुणी टाकलीती, तेबी सांगा."

सर पाणी प्यायले. पुढे तिच्या अहवालावर सही झाली, गुण मात्र काठावरचे मिळाले.

मित्रांनो, मला कापसात जपा असं मी म्हणत नाही. वहीतली न पटणारी नोंद तेवढी खोडू नका. कुणी खोडायला लावलीच, तर तिच्या शेजारी त्याचं नाव लिहा.