पांढऱ्या खड्यांचं अंगण

बापाने मरताना बेट वाटून दिलं. उत्तरेचं टोक थोरल्या तोआकाईला, दक्षिणेचं धाकट्या बवेरेला. किरिबातीची वाळू एका जागी थोडीच बसते! सहा महिने ती दक्षिणेला जायची, सहा महिने परत यायची. बवेरेने पाण्यात प्रवाळाच्या दगडांचा बांध घातला, तेव्हापासून ती परत येईना. माणसाने हावरट असावं, पण सख्ख्या भावाची जमीन खाण्याइतकं?

आता भरती तोआकाईच्या बायकोच्या, तेरेंगाच्या थडग्याला लागली होती. ती जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्याकडे झोपडीपुरती जागा उरलेली, तीही हातभर खणली की खारं पाणी. तो भावाकडे गेला.

"बवेरे, तुझ्या नव्या वाळूत हातभर जागा दे. तुझ्या वहिनीला हलवतो."

बवेरे नारळ सोलत होता. "दादा, कशाला दमतोस? सगळं माझ्याकडेच येतं. वहिनी पण येईल."

त्याची बायको फिसकन हसली. तोआकाईच्या मनात आलं, तोच नारळ उचलून याच्या टाळक्यात घालावा. पण गरज त्याची होती. तो घरी आला.

अमावास्येच्या उधाणात थडगं वाहून गेलं. तीन दिवस तो भावाचा किनारा पालथा घालत होता. काही मिळालं नाही. चौथ्या दिवशी तो भावाच्या अंगणात शिरला. तिथे प्रवाळाचे पांढरे खडे नवे पसरले होते.

पायरीपाशी त्याला एक हाड दिसलं. मनगटाच्या वर वाकडं. तेरेंगा झाडावरून पडली तेव्हा हात त्यानेच बांधला होता, आणि तो वाकडाच जुळला होता. ती आयुष्यभर त्याला त्यावरून चिडवायची. त्याने ते उचललं.

"ही तेरेंगा आहे," तो म्हणाला.

"असेल. खडे कमी पडत होते, किनाऱ्यावरचं पांढरं दिसलं ते भरून आणलं," बवेरे म्हणाला. "तुझं असेल तर ने की. पण पुरशील कुठे?"

तोआकाई बराच वेळ हाड मांडीवर घेऊन बसला. मग त्याने ते होतं तिथेच ठेवलं आणि आजूबाजूचे खडे हाताने त्यावर ओढून घेतले.

"इथून चालताना जरा बाजूने जात जा," तो म्हणाला.

बवेरे त्यावरूनच घरात गेला.