जावयाचा मान

आमचे जावई देवव्रत डॉक्टर, त्यामुळे बसवनगुडीत आमच्या घराला भलतंच वजन. उपयोग शून्य. चारशे वर्षं बेंगळुरात राहून आम्ही मराठी माणसं निम्मं कन्नड बोलायला लागलो, पण जावयापुढे संडासाचा विषय काढायचा नाही, हे काही कोणी विसरलं नाही.

तर माझे यजमान नागोजीराव दोन वर्षं अशक्त होत गेले. उलट्या होतात का, जुलाब होतात का, देवव्रत विचारत. छे, स्वल्प थकवा आहे, असं हे सांगत. देवव्रतही सासऱ्यांचं पोट तेवढं चाचपत, पुढे जात नसत. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम तळाला गेलेलं. मग सलाइन लावायचं, क्षार भरायचे, घरी पाठवायचं. गळक्या घागरीत पाणी ओतण्याचा हा सोहळा तीनदा झाला. दर वेळी घरी आल्यावर मी जावयांना चांदीच्या ताटात पुरणाची होळगी वाढली.

चौथ्यांदा यांचे पाय उचलेनात, लघवीही जवळजवळ बंद झाली. कारण सापडलं नाही तर हृदय कधीही थांबेल, देवव्रत म्हणाले. यांनी खाटेवरून माझ्याकडे पाहून डोळे वटारले. डोळे वटारायला क्षार लागत नसावेत.

मला मात्र आता भीती वाटली. मी म्हटलं, "जावईबापू, हे खोटं बोलतात. दिवसातून वीसदा जातात. मळ नसतोच, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत पाणी पडतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

देवव्रतांनी हातमोजा चढवला. हे म्हणाले, दुसऱ्या कुणा डॉक्टरला बोलवा.

"मामा, कुशीवर वळा."

गुदाशयात मऊ गाठ बोटाला लागली. शरीरातलं पाणी आणि क्षार तीच बाहेर टाकत होती.

"मामी, तुम्हाला माहीत होतं?" देवव्रतांनी विचारलं.

होतं. यांचे कपडे दोन वर्षं मीच धूत होते. मला लाज वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा योग्य कारणासाठी वाटली.

शस्त्रक्रियेनं गाठ निघाली, पाणी थांबलं. मूत्रपिंडं मात्र निम्मीच सावरली.

दसऱ्याला देवव्रत जेवायला आले. मी चांदीचं ताट काढलं, ते त्यांनी बाजूला सारलं आणि भरल्या पंगतीत विचारलं, "मामा, आज कितीदा?"

हे माझ्याकडे पाहू लागले. मी डोळे वटारले.

"एकदाच," हे म्हणाले.