नकाराचा रकाना

गावची आशाताई म्हणून उषाला बारा वर्षं झाली होती आणि 'नकार' या शब्दाचा तिला मनापासून तिटकारा होता. लसीकरणाच्या यादीत रकाने तीनच: लस दिली, बाहेरगावी, नकार. एखाद्या नावापुढे नकार लिहिला, की यावलहून आरोग्य खात्याची जीप आलीच म्हणून समजा. मग साहेबांचं व्याख्यान, सरपंचाची दमदाटी, आणि रेशन बंद होणार ही कुणीतरी सोडलेली पुडी. पाड्यावरच्या बाया त्या शब्दाला पोलिसाइतक्या घाबरायच्या.

गुंताबाईने तर नकार दिलाच नव्हता. दहा महिन्यांची दिपमाला कडेवर घेऊन ती एवढंच म्हणाली होती, "ताई, केळीनं काम चालू शे. सुई टोची का पोर दोन दिन तापमा ऱ्हास. मजुरी बुडस. पुढला टाइमले टोची लेसू."

आता 'पुढच्या वेळी'ला रकाना कुठून आणायचा? उषाला बाईची दया आली. तिने 'बाहेरगावी' लिहिलं आणि पुढच्या घराकडे वळली. दुसऱ्या महिन्यातही गुंताबाईचं तेच उत्तर, यादीतही तेच. तिसऱ्या महिन्यात तर उषा तिच्या दारापर्यंत गेलीच नाही. रस्त्यातच 'बाहेरगावी' लिहून मोकळी झाली.

चौथ्या महिन्यात पाड्यावर गोवर आला. दिपमालाच्या अंगावर पुरळ उठलं, छाती भरली, आणि तालुक्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच पोर बापाच्या मांडीवर गेली.

आठव्या दिवशी चौकशीला साहेब आले. गुंताबाईच्या अंगणात खाटेवर बसून त्यांनी यादी उघडली. खरं बोललं तर उषाचं काम जाणार.

"लसीच्या तिन्ही वेळेला तुम्ही बाहेरगावी होतात?" साहेबांनी विचारलं.

गुंताबाईने उषाकडे पाहिलं. पाड्यावरची सगळी बाळंतपणं हिनेच धावपळ करून पार पाडली होती.

"हा साहेब. आम्ही गावमा नव्हतूत."

साहेबांनी लिहून घेतलं. जीप गेली. उषाला स्वतःची किळस आली. ती रडत गुंताबाईच्या पायाशी बसली.

गुंताबाईने तिला दंडाला धरून उठवलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तिसरा महिनामा काम नव्हतं, ताई. मी घरमाच व्हतू. तू इचारती, तं मी टोची लेतू."