दादाची बाजू

गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरीणबाईंनी पोटाचे आणि कमरेचे व्यायाम सांगितले, तेव्हा चष्मेवाला घरी येऊन बायकोला एवढंच म्हणाला, की आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. डॉक्टर तू की त्या, असं बायकोने विचारलं. त्याने व्यायामाचा कागद घडी करून खिशात घातला. हल्ली तो कशावरच फारसं बोलत नसे.

दादा गेल्यापासून हे असं चाललं होतं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, चष्म्याच्या दुकानातला भागीदार आणि रोज पहाटे धावतानाचा जोडीदार. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. भेटायला आलेल्यांनी धाकट्याला कवटाळून रडवायचा प्रयत्न केला, पण त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. थोड्या दिवसांनी त्याने दुकान उघडलं. गिऱ्हाइकांच्या वाकड्या काड्या सरळ करून दिल्या, नवी भिंगं बसवून दिली, आणि दोन-चार दिवस जमीन तिरकी वाटेल, मग डोळ्यांना सवय होते, हे नेहमीचं वाक्य प्रत्येकाला ऐकवलं. आत काही हलतंय का, हे तो अधूनमधून चाचपून बघायचा. दात काढल्यावर भूल दिलेल्या हिरडीवरून जीभ फिरवावी, तसं लागायचं. म्हणजे काहीच लागायचं नाही.

फक्त धावताना वेगळं होतं. धावताना दादा शेजारी असायचा. लहानपणी तापात दादाचा उजवा कान गेला होता, त्यामुळे धाकटा जन्मभर त्याच्या डाव्या हाताला राहिला. शाळेच्या वाटेवर, दुकानाच्या काउंटरमागे आणि धावतानाही. दादा रस्त्याच्या मधून, हा कडेने, मान उजवीकडे वळवून बडबड करत. आता दादा नव्हता, तरी हा कडेनेच पळायचा आणि उजवीकडची जागा मोकळी सोडायचा. मुद्दाम नव्हे. पायच तसे पडायचे.

मग डावा गुडघा बाहेरच्या अंगाने दुखू लागला. आधी उतारावर, मग चढावर, मग दुकानातली शिडी चढताना. मोडेन पण वाकणार नाही हा घराण्याचा बाणा, त्यामुळे हा आणखी लांब धावला. शेवटी एका सकाळी फुटपाथवर बसून त्याला बायकोला फोन करावा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघा बिचारा निर्दोष आहे. कंबर आणि पुठ्ठे कामचुकार झालेत, त्यांचं ओझं तो वाहतोय. पिलाटीज करा, पोटाकमरेचे व्यायाम असतात ते, नाहीतर धावणं विसरा.

धावणं विसरा म्हटल्यावर मात्र चष्मेवाला घाबरला. दादा भेटायची एकच जागा उरली होती आणि तीही हातची जाणार होती.

पिलाटीजचा वर्ग एका शिवणकामाच्या दुकानावर, लाकडी जमिनीच्या खोलीत भरायचा. सगळ्या बायका, आणि निम्म्या त्याच्याच गिऱ्हाईक. त्यांनी चष्मे काढून खिडकीत ओळीने ठेवले होते. याने आल्या आल्या त्यातल्या एकाची काडी न विचारता सरळ केली, तेव्हा कुठे त्याला जरा माणसात आल्यासारखं वाटलं. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. सुरुवातीला त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, कुठे दुखतंय? हा म्हणायचा, गुडघा. आणखी कुठे? आणखी कुठे नाही.

पाठीवर पडून एकेक मणका करत कंबर उचलायची, कुशीवर वळून शिंपल्यासारखे गुडघे उघडायचे आणि मिटायचे. हा तर पोरखेळ, असं त्याला वाटलं. जरा वेळाने त्याची मांडी लटपटायला लागली. शेजारची साठी ओलांडलेली मावशी मात्र संध्याकाळी काय स्वयंपाक करायचा याचा विचार करत असल्यासारखी निवांत उघडझाप करत होती. धावणाऱ्याची गर्वाची हवाच निघाली. त्याने दात खाल्ले, जोर लावला, श्वास कोंडून धरला. बाई जवळ येऊन म्हणाल्या, "श्वास सोडा. तो साठवून कुणाला द्यायचाय?"

तरी तो जात राहिला. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, पण याची मुंगी वाटेतच बसली होती. सगळं मन लावून करूनही गुडघा होता तसाच. मग एके दिवशी वर्ग संपताना बाईंनी त्याला विचारलं, की तुम्ही मॅटवर सरळ झोपलाय का? अगदी सरळ, तो म्हणाला. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती, त्यामुळे हा प्रश्न त्याला थोडा लागलाच.

"उठा आणि मागे बघा."

त्याने बघितलं. काळ्या मॅटवर त्याच्या घामाचा ठसा उमटला होता. पाठ, कंबर, डोकं, सगळं डाव्या कडेला चिकटलेलं, आणि डोक्याचा ठसा उजवीकडे कललेला. उजवी अर्धी मॅट कोरडी ठणठणीत होती.

मावशी म्हणाली, बायकोला जागा ठेवलीय वाटतं, आणि सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. "धावता कुणाबरोबर?" त्यांनी विचारलं.

"दादाबरोबर," तो म्हणाला.

निम्म्या खोलीला दादा माहीत होता. हसणं एकदम थांबलं. कुणीतरी खिडकीतला चष्मा उचलून उगाच पुसला. याला लाज वाटली नाही की दुःख झालं नाही. त्या कोरड्या भागाकडे तो नुसता बघत राहिला.

बाईंनी त्याला पुन्हा झोपवलं, कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून मधोमध आणलं, मान सरळ केली. आपण उजवीकडे घरंगळतोय असं त्याला वाटलं. तो कुठून धावतो हे विचारून घेऊन बाईंनी समजावलं, की रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. कडेने धावून तुमचा डावा पाय रोज खाली पडतो आणि त्यात मान वळलेली. इथे कितीही घाम गाळा, बाहेर गेल्यावर मधून धावला नाहीत तर गुडघा बरा होणार नाही.

त्यानंतर त्याने वर्गाला जाणं सोडलं. बायकोला सांगितलं, दुकानात काम आहे. काम काही नव्हतं. आपण मधे सरकलो तर दादाने कुठे धावायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं, आणि हे कुणाला सांगणार?

सांगावं लागलं ते वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला. ती चष्मा सैल झाला म्हणून दुकानात आली होती. याला शिडीशी लंगडताना बघून तिने खोदून खोदून विचारलं, आणि हा घामाच्या ठशासकट सगळं बोलून गेला. वहिनीने चष्मा डोळ्यांवर चढवला, मान हलवून पाहिला.

"मीही पलंगाच्या कडेला झोपायचे," ती म्हणाली. "पाठीचं लाकूड झालं. आता मधे झोपते."

"मग दादा?"

"ते नाहीयेत, भाऊजी."

इतके दिवस लोक त्याला दादा बघतोय वरून, तो आहेच आपल्यात, असलं काहीबाही सांगत होते. नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. वहिनी निघून गेली आणि हा बराच वेळ हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत उभा राहिला.

तो पुन्हा वर्गाला जाऊ लागला. मॅटच्या मधोमध पडायला शिकला. रोज तिरकं वाटायचं, आणि रोज तो मनातल्या मनात स्वतःचंच वाक्य स्वतःला ऐकवायचा, की जमीन तिरकी नाही, सवय होईल. हळूहळू पुठ्ठ्यांत जीव आला. शिडी न कण्हता चढता येऊ लागली. मग बाईंनी परवानगी दिली. थोडंच धावा, वाहनं नसलेल्या गल्लीत, आणि मधून.

नेहमीच्याच गल्लीतून, सवयीने तो कडेनेच निघाला. पहिल्या वळणापाशी त्याने मन घट्ट केलं आणि मधे सरकला.

आधी तोल गेल्यासारखं झालं. मग त्याच्या लक्षात आलं, की दोन्ही पाय सारखे पडतायत. खाली रस्ता ताटासारखा सपाट होता. त्याने डावीकडे पाहिलं. तिकडे रस्ता गटाराकडे उतरत गेला होता आणि कडेला ओला पाला साचला होता. तिथून तो इतकी वर्षं धावला होता. आणि इथून, या गुळगुळीत सपाटीवरून, दादा. माझे गुडघे बघ, लोखंड आहेत, असं म्हणून दर पावलाला मिशीला ताव देणारा दादा.

त्याला हसू फुटलं. इतकं मोठ्याने, की एक खिडकी उघडली.

"लबाडा, सपाट बाजू आयती घेतलीस की रे," तो म्हणाला, आणि सवयीने त्याची मान उजवीकडे वळली.

उजवीकडे कुणी नव्हतं. रस्ता तिकडूनही उतरत गेला होता, त्या कडेच्या गटाराकडे. दादाच्या जागेवर तो स्वतःच धावत होता. तो थांबला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि हसता हसता कधी रडायला लागला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. चांगला हुंदके देऊन रडला. खिडकीतल्या बाईने काही हवंय का म्हणून विचारलं, तर त्याने नुसता हात हलवला.

पुढच्या वर्गाला तो मॅटच्या मधोमध पडला होता. बाई वाकून नेहमीसारखं म्हणाल्या, कुठे दुखतंय?

"गुडघा सोडून सगळीकडे," तो म्हणाला.

आणखी कुठे, असं बाईंनी त्या दिवशी विचारलं नाही.